खांबामागच्या सहा खुर्च्या

मला माझ्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला समजूतदार वगैरे समजायला नको. पूर्वी वाटायचा असं नाही, अजून वाटतो. आज सकाळीसुद्धा वाटला.

ती जन्मली आणि मी ताई झाले. त्याआधी मला घरात काय हाक मारायचे ते आता कोणालाच आठवत नाही, बाबांनाही नाही. मी विचारून पाहिलंय. तिला मात्र बाबा अजून छकुली म्हणतात. छकुली सत्तेचाळीस वर्षांची आहे, तिला जवळचं दिसायला चष्मा लागतो, तिच्या हाताखाली नऊ माणसं आहेत. तरी छकुली.

बाबा नाट्यगृहात दारावर होते. तिकिटं फाडायची, माणसं आत सोडायची. आई लवकर गेली, घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून आम्ही दोघी रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर खेळाला. बाबा तिला दाराशी स्वतःच्या स्टुलावर उभं करायचे. तिथून अख्खा रंगमंच दिसायचा. मला म्हणायचे, "ताई, तू मोठी आहेस, तू आत जाऊन बस." आत म्हणजे के ओळीत, खांबामागे. सज्जाला टेकू म्हणून दोन जाडजूड खांब आहेत आणि त्यांच्या मागे सहा खुर्च्या: चार, पाच, सहा आणि सतरा, अठरा, एकोणीस. तिथून खांबच दिसतो. त्या कधी विकायच्या नाहीत, नोकरांच्या पोरांना बसायला ठेवायच्या, अशी तिथली जुनी पद्धत. मी लहानपणी शेकडो नाटकं ऐकली आहेत.

पुढे त्याच नाट्यगृहात मी तिकीट खिडकीवर लागले. तेविसाव्या वर्षी लागले, कारण छकुलीला कॉम्प्युटर शिकायचं होतं. ती शिकली. मी सत्तावीस वर्षं खिडकीवर आहे. चारशे बारा खुर्च्या मला तोंडपाठ आहेत. कुठली करकरते, कुठल्या खुर्चीवर वरून गार हवा येऊन मान धरते, म्हाताऱ्या माणसाला कुठून बाहेर पडायला सोपं, हे मला झोपेत विचारा.

मागच्या वर्षी तिकिटं वेबसाइटवर मिळायला लागली आणि माझ्या खिडकीसमोरची रांग बारीक होत गेली. मग एक दिवस मॅनेजरांनी बोलावलं. म्हणाले, "अहो बाई, समितीला प्रश्न पडलाय की खिडकी ठेवायची की नाही. साइटवर किती लोक येतात, काय बघतात, कुठे अडतात, याची नीट मोजणी बसवून घेऊ. एक महिनाभर आकडे बघू. आकडे चांगले आले तर खिडकी बंद. तुम्हाला कपडेपटात वगैरे कुठेतरी सामावून घेऊ." सत्तावीस वर्षांनंतर मी दाढी-मिशांची मोजदाद करणार.  तेवढ्यात ते कागद बघत म्हणाले, "ज्या मॅडम हे काम करायला येणार आहेत, त्या तुमच्या कोणी लागतात का? आडनाव सारखं दिसतंय."

"लागतात," मी म्हटलं.

मला सत्तावीस वर्षं 'अहो बाई'. ती अजून आलीही नव्हती, तर मॅडम.

ती तीन दिवसांसाठी आली आणि आमच्याकडेच उतरली. बाबांनी दाढी केली. एरवी त्यांना आंघोळीला लावायचं तर मला घसा कोरडा करावा लागतो. त्यांनी तिच्यासाठी खिडकीजवळची खाट रिकामी केली, म्हणजे माझी. "ताईला काय, कुठेही झोप लागते," म्हणाले. लागत नाही. कधीच लागली नाही.

काम मात्र तिने चोख केलं, हे माझ्या जिवावर येऊनही कबूल करते. ती माझ्याच खिडकीत माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसली आणि साइटच्या एकेका पानावर मोजणीची खूण लावत गेली. नाटकांची यादी, मग खुर्च्यांचा नकाशा, मग नाव आणि फोन, मग पैसे भरायचं पान. कोण कुठपर्यंत आलं आणि कुठून परत गेलं, सगळं तिच्या पडद्यावर उमटणार. "याला आम्ही फनेल म्हणतो, ताई," ती म्हणाली. वर रुंद, खाली निमुळतं असं चित्र होतं. आमच्या स्वयंपाकघरात तेल ओतायचं नरसाळं आहे तसलंच. "वरून शंभर माणसं आली आणि खालून साठ तिकिटं बाहेर पडली, तर मधे चाळीस का गळाली ते शोधायचं. पैशाच्या पानापर्यंत येऊन माणसं परत जात असतील तर समजायचं, साइट लोकांना जमत नाहीये."

हे वाक्य मी मनात नीट घडी घालून ठेवलं.

मग ती म्हणाली, "आपली माणसं मोजायची नाहीत. तुम्ही कामासाठी शंभरदा साइट उघडणार, उगाच आकडे फुगतील. तुझा खिडकीतला कॉम्प्युटर आणि फोन दे, ते गाळून टाकते." मी दिले. बाबांच्या टॅबलेटचं बोलले नाही. दोन वर्षांपूर्वी तिनेच बाबांना पाठवला होता, समोरासमोर बोलता यावं म्हणून. मला तिने एक शाल पाठवली होती.

आणि इथे मी एक शहाणपणा केला. शेजारी बसून बसून माझा जीव कोंडला होता. सगळे येऊन तिचा पडदा बघत होते, दिवेवाला, पडदेवाला, खुद्द मॅनेजर. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. मी म्हटलं, "एवढं सगळं मोजतेस आणि माणसाने कुठली खुर्ची निवडली ते मोजत नाहीस? मग मोजलंस काय, डोंबल?"

ती थांबली. चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं. "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं," म्हणाली आणि तिथल्या तिथे खुर्चीचा नंबरही मोजणीत घातला. मॅनेजर म्हणाले, "वा मॅडम!" कल्पना माझी, वा मॅडमला.

ती गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी कामाला लागले.

बाबा सात वाजता फिरायला जातात. मी टॅबलेट घेऊन ओट्याशी उभी राहायचे. नाटक निवडायचं, खुर्च्या निवडायच्या, एखादं खोटं नाव, खोटा फोन, पैशाच्या पानावर जायचं आणि बंद करायचं. पुन्हा. कधी शनिवारचा खेळ, कधी रविवारचा. चहा उकळेपर्यंत आठ वेळा व्हायचं, बाबा येईपर्यंत तीस वेळा. हे काही भूषणावह नव्हतं, पण मला त्यात सुख होतं हे खोटं कशाला सांगू? दर वेळी बंद करताना वाटायचं, घे, गळालं तुझं एक माणूस. घे, आणखी एक. दिवसभर खिडकीत मी गिऱ्हाइकांशी इतकं गोड बोलायचे की पडदेवाल्याने विचारलं, "बाई, लॉटरी लागली का?"

खिडकीवर तेव्हा एक नवीनच काम वाढलं होतं. साइटवरचा नकाशा ज्याने काढला त्याने कागदावरच्या आराखड्यावरून काढला. त्यात खांब नव्हते. लोक बिचारे के ओळीतल्या त्या खुर्च्या घ्यायचे आणि पडदा वर गेल्यावर माझ्याकडे धावत यायचे. मी हाताशी दोन-चार जागा नेहमी राखून ठेवते, त्यांत त्यांना हलवायचे. मॅनेजरांना सांगितलं नाही. मला कोणी विचारलं होतं का, नकाशा काढताना?

तिसऱ्या आठवड्यात माझी दाढ सुजली. रविवारी मी उठलेच नाही, तोंडाला फडकं बांधून भिंतीकडे वळून पडून राहिले. आठच्या सुमाराला टॅबलेट वाजला. छकुली. बाबा पडद्यात तोंड घालून पंधरा मिनिटं बोलत होते, हसत होते. मला ऐकू येत होतं आणि दाढेपेक्षा तेच जास्त ठणकत होतं. नंतर ते आत येऊन म्हणाले, "तुझी चौकशी करत होती."

"मला फोन करायला तिची बोटं झिजतात का?" मी फडक्यातूनच म्हटलं.

"असं काय गं बोलतेस," बाबा म्हणाले आणि गेले. मला पक्कं ठाऊक होतं की त्यांनी माझं मन राखायला सांगितलं. सोमवारी मी तीसच्या जागी पन्नास माणसं गाळली.

महिना संपला. समितीची बैठक तालमीच्या खोलीत होती. समितीचे पाच जण, मॅनेजर, आणि खिडकीचा प्रश्न म्हणून मलाही बसायला सांगितलेलं. अध्यक्ष बाई एके काळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या अजूनही प्रत्येकाकडे उत्तर न आलेल्या मुलाकडे बघावं तसं बघतात. आकडे सांगायला पुन्हा आलेल्या धाकटीने भिंतीवर ते नरसाळं दाखवलं.  मी वाट बघत होते की आता ती म्हणेल, पैशाच्या पानावरून इतकी माणसं परत जातात, साइटचं काही खरं नाही.

ती म्हणाली, "साइट उत्तम चालते. शंभरातली एकाहत्तर माणसं शेवटपर्यंत जातात."

मला वाटलं, माझ्या कानांत काहीतरी झालंय.

"फक्त एक गोष्ट सांगायची राहिली," ती पुढे म्हणाली. "सुरुवातीला हा आकडा बराच खाली दिसत होता. कारण एकाच उपकरणावरून रोज सकाळी सात दहाला कोणीतरी यायचं, तीस-तीस वेळा पैशाच्या पानापर्यंत जायचं आणि सोडून द्यायचं. सगळं मिळून आठशेच्या वर वेळा. ते मी वेगळं काढलंय."

"खोडसाळपणा?" अध्यक्ष बाईंनी विचारलं.

"चाचणीचा काहीतरी प्रकार असेल," धाकटी म्हणाली. "माझ्याच बाजूची चूक धरा. मी वेळेवर गाळायला हवं होतं."

बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. अजिबात नाही. जो माणूस काहीच जाणत नाही तो खोलीत सगळ्यांकडे बघतो. ती सगळ्यांकडे बघत होती, मला वगळून. तेव्हा मला कळलं की तिला माहीत आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर आधी आला तो राग. म्हणजे हिने इथेही मोठेपणा घ्यायचा? माझं पाप पोटात घालायचं आणि स्वतः चूक कबूल करायची, आणि अध्यक्ष बाईंनी कौतुकाने मान हलवायची, आणि मी आयुष्यभर तिच्या उपकाराखाली खांबामागे बसायचं?

"ती मी होते," मी म्हटलं.

 मॅनेजरांचं तोंड उघडं राहिलं.

"तुम्ही?" अध्यक्ष बाई म्हणाल्या. "कशासाठी?"

"खिडकी बंद होऊ नये म्हणून. आणि हिची जिरावी म्हणून." दुसरं कारण सांगायची काही गरज नव्हती, पण बोलायला लागल्यावर मी थांबत नाही. "बहीण आहे माझी."

धाकटीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, "मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. टॅबलेट मीच घेतलेला, पण तेवढ्यावरून मी ओळखलं नसतं. तसले हजारो असतात. खुर्च्यांवरून ओळखलं."

"खुर्च्यांवरून कसं?"

"आठशे वेळा जागा निवडल्या आणि आठशेही वेळा त्याच सहांपैकी. के चार, पाच, सहा, सतरा, अठरा, एकोणीस. बाकीच्या चारशे सहा खुर्च्यांना कधी हात लावला नाही."

अध्यक्ष बाई माझ्याकडे वळल्या. "त्याच का?"

हे मला कोणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. मी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. "मग काय चांगल्या अडकवून ठेवू?" मी म्हटलं. "खुर्ची निवडून सोडली की साइट ती दहा मिनिटं दुसऱ्याला देत नाही. तेवढ्यात कोणी सी-दहा बघत असला तर? कोणी म्हाताऱ्या आईला घेऊन येणारा कडेची बघत असला तर? त्या सहा खांबामागच्या. त्या अडकल्या तर कोणाचं काही जात नाही. उलट बरंच."

"खांबामागच्या?" समितीतले एक जण म्हणाले. "पण मागच्या महिन्यात माझ्या भाच्याने साइटवरून के-पाच घेतली होती."

"माहीत आहे. तांबड्या स्वेटरचे. मी त्यांना एफ-दोनवर बसवलं."

मग सगळं निघालं. किती जणांना त्या जागा विकल्या गेल्या, तर अठ्ठेचाळीस. मी वहीत लिहून ठेवले होते. किती तक्रारी ऑफिसात आल्या, तर शून्य. अध्यक्ष बाईंनी धाकटीला विचारलं, "हे तुमच्या मोजणीत कुठे दिसतं?"

"कुठेच नाही," ती म्हणाली. "माझ्या मोजणीत तिकीट विकलं की माणूस संपतो."

मला वाटलं होतं तसं टाळ्या वगैरे काही झालं नाही. अध्यक्ष बाईंनी मला असं झापलं की मी पन्नासाव्या वर्षी मान खाली घालून उभी होते. लेखी माफी द्यायची, नकाशावर खांब काढून घ्यायचे, त्या सहा खुर्च्या साइटवरून बंद करायच्या. आणि खिडकी चालू ठेवायची, निदान वर्षभर; पुढचं पुढच्या वर्षी बघू. मग त्यांनी धाकटीचे आभार मानले. उठून उभं राहून मानले. तेव्हाही माझ्या पोटात दुखलं, पण सवयीचं दुखणं होतं.

दुपारी आम्ही दोघी रिकाम्या प्रेक्षागृहात गेलो. ती मांडीवर लॅपटॉप घेऊन नकाशा दुरुस्त करत होती, मी एकेका खुर्चीत बसून सांगत होते. जे-पाचवरून अर्धं दिसतं. जे-सहावरून दिसतं, मान जरा वाकडी करावी लागते. मग तिने के-पाचवर बसून बघायचं ठरवलं. बसली. डावीकडे वाकली, उजवीकडे वाकली, पुन्हा सरळ बसली.

"ताई, इथून तर काहीच दिसत नाही."

"तेच तर सांगतेय सकाळपासून."

"नाही, म्हणजे... तू इथे बसायचीस. मला वाटायचं तू आत बसतेस म्हणजे छान बघत असशील. मी बाबांपाशी रडायचे, मला पण ताईसारखं आत बसायचंय म्हणून. त्या स्टुलावर पाय भरून यायचे."

 मी पुढच्या खुर्चीच्या पाठीवरची धूळ पदराने पुसली. मग म्हटलं, "दुसऱ्याच दिवशी कळलं होतं तर बंद का नाही केलंस? एक फोन करायचास, शिव्या घालायच्यास."

"फोन केला तर तू बाबांकडे देतेस," ती म्हणाली. "दर वेळी. हॅलोसुद्धा म्हणत नाहीस, 'घ्या, तुमच्या छकुलीचा.'" ती लॅपटॉपकडेच बघत होती. "आणि मला सात दहाची सवय लागली होती. चहा घेऊन बसायचे. पडद्यावर यायचं, आत्ता साइटवर एक जण. मग के-चार. मग के-पाच. म्हटलं, उठली ताई. एका रविवारी कोणीच आलं नाही. सव्वासातपर्यंत बघितलं, साडेसातपर्यंत बघितलं. आठला राहवेना, म्हणून बाबांना फोन लावला."

मी तिच्या शेजारी के-सहावर बसले. समोर नुसता खांब होता.

"दाढ होती," मी म्हटलं.

"बाबा म्हणाले. आता कशी आहे?"